देवळात लागलेली झोप

माझी सई सहा वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून दिसत नाही. हे कळल्यावर नातेवाइकांनी आधी उपाय सुचवले, मग हळूहळू येणंच कमी केलं. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत बायका हळदीकुंकवाला बोलावतात, पण मी गेले की गप्पा थांबतात. यांची कंपनीत शिफ्ट असते. दिवसभर मी आणि सई. रात्री ती झोपली तरी मी जागीच, पुढे हिचं कसं होणार याचा विचार करत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला तर आता देवीचाही राग येत होता.

तरीही गेल्या नवरात्रात मी पंचवटीत गेले, ते सासूबाईंच्या नवसापायी. सईला दिसावं म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहायचे होते. देऊळ गल्लीतलं, लहानसं. पण रांग बाहेरपर्यंत आलेली. सई हाताला येईल ते चाचपत होती, कुणाचं ताट, कुणाच्या बांगड्या. लोक "अरेरे" म्हणत सरकत होते. सभामंडपात पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

मागे एक आजी उभ्या होत्या, बोलीवरून नांदगावकडच्या वाटणाऱ्या. सईविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. माझा दंड धरून मला खांबापाशी बसवलं.

"किती दिसांची झोपली नाय गं तू?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, "रड. मंग टेक जरा. लेक माझ्यापाशी हाय."

सईचा हात मी परक्या माणसाच्या हाती कधी दिला नव्हता. त्या दिवशी दिला. खांबाला डोकं टेकलं आणि घंटा, आरत्या, गर्दी, सगळं दूर गेलं.

जाग आली तेव्हा रांग ओसरली होती. सई शेजारी बसून प्रसादाची खडीसाखर चघळत होती. आजी समोरच ओटीचा नारळ पिशवीत ठेवत होत्या. माझ्या मुठीतले चांदीचे डोळे मात्र नव्हते. मी घाबरून विचारलं, तर सई म्हणाली, "मी वाहिले. आजींनी नेलं मला. त्या म्हणाल्या, मनातलं माग."

मी आजींकडे पाहिलं. त्या पिशवी उचलून निघूनही गेल्या. नावही विचारायचं राहिलं.

देवीनं काय केलं, हे सिद्ध करायला मी बसलेली नाही. सईला आजही दिसत नाही आणि माझ्या कितीतरी रात्री अजून जागरणाच्याच जातात. पण सगळा भार आपण एकटीनंच उचलला पाहिजे, हा हट्ट मी तिथे ठेवून आले. आता जड झालं की देवीला सांगते, बाई, आता तू बघ.

बाहेर पडताना मी सईला विचारलं होतं, मग तू काय मागितलंस?

"मी देवीला म्हटलं, आईला उठवू नकोस."