शेवंतीचे नवे गुडघे

पडदा वर जातो आणि दिसते कुडाळच्या इस्पितळातली एक खाट. मागे फिकट हिरवी भिंत, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आणि मधोमध, दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधलेली, मालवणच्या मासळी बाजारातली आमची शेवंती.

आमची म्हणतो, कारण नाट्यमंडळी मालवणात उतरली की तिच्याच टोपलीतले बांगडे आमच्या चुलीवर चढत. "राजाचा काम करतस आणि बांगड्यासाठी घासाघीस करतस?" असं भर बाजारात ऐकवायची, वर एक बांगडा जास्त टाकायची. आडाळो, म्हणजे आमच्याकडची विळी, पायाखाली दाबून ती उकिडवी बसली आणि सुरमईच्या तुकड्या पाडू लागली की आम्ही नटमंडळी प्रेक्षक होऊन उभे राहायचो.

पुढे गुडघे गेले. बसली की उठता येईना. गुडघे बदलायच्या ऑपरेशनला ती कबूल झाली ती एवढ्याचसाठी, की पुन्हा आपल्या जागेवर बसता यावं.

मी भेटायला गेलो तेव्हा व्यायाम घेणारी मुलगी तिचा पाय वाकवत होती. शेवंती दात आवळून कण्हत होती, पण थांब म्हणत नव्हती.

"बाय माझे, ह्यां संपला काय उकिडव्या बसूक शिकवतलंस मा?"

मुलगी हसली. "नाही हं आजी. उकिडवं नाही, मांडीही नाही. आता कायम खुर्चीवरच बसायचं."

शेवंतीनं मुलाकडे पाहिलं. देवेश खिडकीतल्या टॉवेलची घडी घालू लागला.

"तुका म्हायत होतां?"

"आये, आधी सांगलंय असतंय तर तू हंय इली असतस?"

"खुर्चेर बसान मासे इका," सून सारिका हळूच म्हणाली.

"आणि आडाळो खंय धरू? मांडयेर?"

त्यानंतर तिनं पाय हलवणंच सोडलं. व्यायामवाल्या मुलीनं विनवलं, मीही विनवलं. ओटा बांधून घेऊ म्हटलं, उभ्यानं कापायला सुरी आणू म्हटलं. नाटकात अशा ठिकाणी मला नेहमी लांबलचक संवाद असे. इथे माझे शब्द मलाच पोकळ वाटले. ती छताकडे बघत पडली होती. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं, ते पुसतही नव्हती. मग तिनं देवेशला जवळ बोलावलं.

"दुकत होते, पण वाकत होते. माझे गुडघे खंय टाकल्यानी रे, इचारून ये."