वरच्या नंबरची शाळा

शनिवारी ल्युकन या उपनगरात निखिलकडे, आमच्या एका मित्राकडे, जेवायला गेलो होतो. तो आणि त्याची बायको मीरा घर शोधतायत, त्यामुळे विषय एकच... कुठल्या भागातली शाळा चांगली?

इथे परदेशात पेपरात दरवर्षी तक्ता येतो, कुठल्या शाळेची किती मुलं कॉलेजला गेली याचा. निखिल तो फोनवरून मोठ्याने वाचत होता. आमच्या भागापाशी येऊन म्हणाला, "हा एरिया कटाप. शाळा बघा किती खाली आहे..."

समोर माझी लेक इरा बसली होती. ती त्याच शाळेत जाते. ती ताटाकडे बघत राहिली... आणि माझं डोकं फिरलं.

मग मी सगळं सांगितलंच.

इराला डिस्लेक्सिया आहे. डोकं तल्लख, पण छापील पान तिला दमवतं. प्रायमरी संपत आली तेव्हा आम्हीही वरच्या नंबरच्या शाळेच्या ओपन इव्हिनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळी, गेलो. लॅब बघून इरा हरखली होती. निघताना मी व्हाइस प्रिन्सिपल बाईंना विचारलं, हिला वाचनात मदत मिळेल ना?

बाईंचं हसू जराही हललं नाही. "अर्ज जरूर करा. पण आमच्याकडे अभ्यासाचा वेग फार आहे. पलीकडच्या शाळेत ती जास्त आनंदी राहील, असं नाही वाटत तुम्हाला?"

कायद्याने सरळ नाही म्हणता येत नाही, म्हणून असं गोड बोलून दार लावायचं... तेही मुलीच्या देखत. गाडीत बसल्यावर इरा इथल्या मुलांसारखी, 'चालतंय' अशा अर्थाने म्हणाली, "इट्स ग्रँड, आई. दे जस्ट डोन्ट वॉन्ट मी." ती हे इतक्या सहज म्हणाली की माझ्या नवऱ्याला गाडी सुरू करायला सुचेना.

म्हणजे अडखळणारी मुलं आधीच पलीकडे पाठवायची आणि मग आमचा निकाल बघा म्हणून मिरवायचं. जी शाळा त्यांना हात धरून आत घेते, ती तक्त्यात खाली... आणि आपण शिकलेसवरलेले लोक तो तक्ता बघून घरं घेणार?

पलीकडच्या, म्हणजे इराच्या आताच्या शाळेत, अशा मुलांना मदत करणाऱ्या सपोर्ट टीचरनी माझ्याआधी इराशीच बोलायला सुरुवात केली. "कसं शिकवलं की तुला पटकन कळतं?" हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पोरगी बोलत सुटली. आता हायस्कूलच्या सेकंड इयरला आहे. वाचायला अजून वेळ लागतो, पण सकाळी शाळेला निघताना तिचा चेहरा पडलेला नसतो.

माझं बोलून झालं. निखिलने फोन बाजूला ठेवला. "इरा, सॉरी गं," म्हणाला... मनापासून म्हणाला.

निघताना मीराने मला किचनमध्ये बोलावलं. भाजी डब्यात भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचा आरव वाचायला बसला की रडतो. निखिलला वाटतं, आळस करतो... मी कुणाशी बोलू गं?"

मी काही सांगणार, एवढ्यात मागून इरा आत आली. तिने ऐकलं होतं. ओट्याला टेकून ती मीराला सांगू लागली, पानावरची अक्षरं तिला कशी दिसतात, कशाची भीती वाटायची, कशाने मदत झाली... ती इंग्रजीत, मीरा मराठीत. थोड्या वेळाने निखिलही दाराशी येऊन ऐकत उभा राहिला.

माझा राग अजून गेलेला नाही. पण स्वतःबद्दल असं न लाजता बोलायला माझ्या मुलीला ज्यांनी शिकवलं, त्या टीचरचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत.