माळावरची मावशी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या गावचा, तेही नीट आठवत नाही. माळावरच्या मावशीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं आहे.

निजामी अमलातली गोष्ट. येडशीच्या बाजूला एका ठाण्यात मी अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. वाशीकडचा एक खातापिता शेतकरी फिर्याद घेऊन आला. येडशीच्या जंगलातल्या रामलिंगाच्या दर्शनाला आलो असता बायको दागिन्यांसह बेपत्ता झाली, ख्रिस्ती लोकांनी तिला भुलवून नेलं, असं त्यानं लिहून दिलं. बोलताना तो एकदाही अडखळला नाही. त्या काळात असल्या फिर्यादीवरून गाव पेटायला वेळ लागत नसे, म्हणून तपास मी स्वतःकडे घेतला.

खबर दिली ती रेल्वे स्टेशनवर लाकूड विकणाऱ्या एका माणसानं. म्हणाला, "सायब, माळावरच्या मावशीकडं एक नवी बाई दिसती."

ही मावशी ख्रिस्ती विधवा. पूर्वी मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करायची. गावानं हाकललेल्या महारोग्यांना घेऊन ती माळावर झोपड्या घालून राहत होती. लोक तिकडून जाणं टाळत. आमचे जवानसुद्धा तिकडच्या गस्तीला कुरकुर करत.

जमादारानं तिला ठाण्यात आणलं. मी दरडावून विचारलं, "ती बाई कुठं आहे?"

"माझ्याकडंच हाय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाय, सायब."

"दागिने?"

"आली तवा अंगावर धड लुगडं नव्हतं. दागिने कुठले?"

"ती आली कशी तुझ्याकडे?"

"ते ती सांगल. तिची लाज म्या का उघडी करू?"

अटकेची भीती घातली, तेव्हा एवढंच म्हणाली, "अटक करा. पर सांजच्याला कुणाला तरी माळावर धाडा. जखमा धुवायच्या ऱ्हायल्यात." मी जमादाराकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता. मावशीला मी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला आणलं आणि नवऱ्यालाही बोलावून घेतलं. बाई आवारात उभी होती, विशीतली असेल. अंगभर पदर, दोन्ही हात पदराखाली. वरवर पाहता काहीच कळत नव्हतं. मी नवऱ्याला म्हणालो, "जवळ जाऊन ओळख पटवा."

तो आवारातल्या लिंबापाशीच थांबला. धोतराचा सोगा नाकाला लावून म्हणाला, "व्हय, तीच."

"हरवलेली बायको सापडली, आणि तुम्ही इतके लांब का?"

"हितूनच दिसतीय की."

"नाकाला सोगा कशाला?"

"तिचा रोग..." फिर्यादीत रोगाचा शब्दही नव्हता. मी काही न बोलता त्याच्याकडं पाहत राहिलो. अशा वेळी पोलिसानं गप्प बसावं. समोरच्याला ते सोसत नाही. शेवटी तो खाली बसला आणि सगळं सांगू लागला.

बायकोच्या हातावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली. घरच्यांनी तिला गोठ्यात ठेवलं, दागिने काढून घेतले. मग देवदर्शनाच्या नावाखाली बैलगाडीत घालून जंगलात सोडून दिलं. तिथून ती कशीबशी चालत मावशीच्या माळावर पोचली होती. दुसरं लग्न ठरवायचं होतं. घरात महारोग आहे असं कळलं तर पोरगी कोण देणार? त्यापेक्षा बायको बाटली, पळाली, हे सांगणं सोपं.

झडती घेतली तेव्हा दागिने त्याच्याच घरातल्या उतरंडीत सापडले. मी खोट्या फिर्यादीचा खटला भरला. वजनदार माणसं मध्ये पडली, वरून निरोप आला आणि प्रकरण मिटवावं लागलं. त्याचं दुसरं लग्नही झालं.

मी मावशीला विचारलं, "तुम्हाला या रोगाचं भय वाटत नाही?"

"वाटतंय की. पर माझ्या प्रभूनं असल्यांनाच हात लावला. मी न्हाय म्हणणारी कोण?"

दागिने परत दिले तेव्हा त्या बाईनं एकच मागणं मागितलं. "लेक एकदा दाखवा."

जमादारानं तिच्या सासरहून मुलीला आणलं. दीड-दोन वर्षांची पोर. आईनं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि ती मागं मागं सरकू लागली. मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं आणि आईला अगदी खेटून बसली. एका हातानं आईची पाठ थोपटत, दुसऱ्या हातानं पोरीचे केस सारखे करत राहिली. आईनं मान वळवून पोरीकडं पोटभर पाहून घेतलं. मी बाहेर जाऊन एका जवानाला उगाच काहीतरी काम सांगितलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं नोकरी केली. बेपत्ता माणसाची फिर्याद आली, की मी आधी पाहायचो, आलेला माणूस खरोखर शोधून थकलेला दिसतो का. बहुतेक वेळा दिसत नसे. मावशीला मात्र मी जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा ती थकलेलीच होती.