मामाजींची पटाची गाडी

जी मोटार अजून जगात आलेलीच नाही, तिच्याविषयी आमच्या मामाजींइतकं जाणणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाला नाही आणि पुढेही होईल असं वाटत नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. ब्रह्मपुरीच्या पुढे, जंगलाला लागून एका ठेकेदाराचा लाकडाचा डेपो होता, तिथे हे मुन्शी होते. दिवसभर सागाच्या गोलांवर, म्हणजे ओंडक्यांवर, फीत टाकायची आणि मापं ओरडून सांगायची, हे त्यांचं काम. डेपोसमोरून रोज एकच सर्व्हिस मोटार जाई आणि तीही चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावी. मामाजी स्वतः सायकलवरसुद्धा बसत नसत, तोल जातो म्हणत. पण इटलीत किंवा विलायतेत पुढच्या साली शर्यतीची कोणती मोटार निघणार, तिला दारं दोन असणार की एकही नसणार, याची काळजी त्यांच्याइतकी खुद्द कारखानदारांनाही नसावी.

ही सगळी विद्या त्यांना डाकबंगल्यातून मिळे. शिकारीला येणारे साहेबलोक वाचून झालेली इंग्रजी मासिकं तिथे टाकून जात आणि खानसामा ती चुलीत घालायच्या आत मामाजी तिथे हजर होत. अंक वर्षा-दीड वर्षाचे शिळे. मी चांद्याला कचेरीत कारकून, त्यामुळे तारखा पाहायची खोड. एकदा म्हटलं, "मामाजी, ही मोटार पुढच्या साली येणार म्हणता, पण अंक जुना आहे. ती येऊनही गेली असेल." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "तिकडे आली असंन. इथी तर यायचीच आहे ना!"

त्यातही त्यांना गोडी फक्त अशा मोटारींची, ज्या मोजक्याच निघणार. साऱ्या दुनियेत मिळून पन्नास, असं कुठे छापून आलं की त्यांचं जेवणावरून लक्ष उडे. कोणाला मिळतील, रंग कोणता देतील, पन्नास झाल्यावर साचा मोडून टाकतील का, सारे अंदाज ते भाताचा घास हातात धरून बांधत. एखादी मोटार पुढे शेकड्यांनी निघू लागली असं कळलं की मात्र ती त्यांच्या मनातून साफ उतरे. "जे साऱ्यायले भेटते, त्याचा का अंदाज करावा?" असं त्यांचं म्हणणं.

हे अंदाज ऐकणारं माणूस घरात एकच होतं, त्यांची मुलगी शकू. मांडीवर डिक्शनरी घेऊन ती शब्द काढून देई, आणि नवल म्हणजे प्रश्नही विचारी. "बाबा, वरतं छप्पर नाई म्हणता, मंग पाणी आलं तं?" या एका प्रश्नावर मामाजींनी दोन दिवस विचार केला होता. एकदा तर दोघांनी अंगणात चुन्याने मोटार आखली, डेपोतल्या फितीने मापून, चौदा फूट लांब. मग आत दोन पाट मांडून बापलेक बसले आणि मामाजींनी शकूला वळण कसं घ्यायचं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी आत्याने तिथेच मोहफुलं पसरली आणि डेपोवर निरोप धाडला, "तुमच्या मोटारीत मोह वाळू घातला आहे, सांजेपर्यंत चालवू नका."

घोटाळा झाला तो एका शब्दाने. डेपोतले हमाल विचारत, ही स्पोर्ट गाडी म्हणजे काय भाऊ? मामाजींनी त्यांना समजेल असं सांगितलं, "पटाची गाडी." आता आमच्या भागात पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. धान निघालं की गावोगाव भरतो आणि माणसं कामधाम टाकून तिकडे धावतात. तेव्हा मुन्शीजींची पटाची गाडी विलायतेहून येऊन राह्यली, हे सगळीकडे झालं. पुढे मामाजींनी तिला दीडशे घोड्यांची ताकद आहे असंही सांगून ठेवलं, तेव्हा एक म्हातारा घरी येऊन विचारून गेला, एवढे घोडे बांधाल कुठी?

इथवर सारं हसण्यावारी होतं. पण शकूची दोन स्थळं, बापाचं डोकं फिरलेलं आहे असं ऐकून, परत गेली होती. तिसरं आलं आरमोरीकडचं. माणसं चांगली, मुलगा मास्तर. मुलाचा बाप पटाचा असा शौकीन की बैलजोडीसाठी तो लग्नाची तिथीही पुढे ढकलील, असं लोक सांगत. पाहण्याला मीही चांद्याहून आलो होतो. पाहणं झालं, मुलगी पसंत पडली, सुपारी फोडायचीच बाकी होती. तेवढ्यात होणारे व्याही मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मुन्शीजी, मंग ते पटाची गाडी कवा येते? यंदाच्या पटात जुंपीन म्हणतो."

गाडी मुलीबरोबर आंदण मिळणार, अशी त्या भल्या माणसाची समजूत झाली होती. मध्यस्थ मामाजींच्या कानाशी लागला, "येते म्हणा ना. लगन होऊन जाऊ द्या." आत्या दाराआडून हात जोडत होती. तिच्यामागे शकू मान खाली घालून उभी. मला तर वाटलं, उठून आपणच काहीतरी थाप मारावी.

मामाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "गाडी माही नाई जी," ते म्हणाले. "बैलाचीबी नाई. मोटार आहे. अजून बनलीच नाई. बनली तं पन्नास बनतीन आन् आपल्याले एकबी भेटत नाई."

"मंग तुमाले काय भेटते?" व्याह्यांनी विचारलं.

"मले? ते कशी राहीन, याचा अंदाज कराले भेटते."

व्याही मांडी बदलून जवळ सरकले. "पुढच्या पटात कोणाची जोडी येते, कोणती पयली निंगते, मीबी पाऊसभर हेच करत राह्यतो," ते म्हणाले. "घरचे म्हंतेत, येडा आहे. सांगा बरं, कशी राहीन?" त्या दुपारी सुपारी फुटली ती पन्नास मोटारी आणि निदान वीस बैलजोड्यांच्या गप्पांत. दाराआड आत्या पदराने डोळे पुसत होती आणि शकू पहिल्यांदाच हसली.

लग्न झालं. पुढच्या रोवण्याच्या दिवसांत, बांध्यांमधून भाताची लावणी चालू असताना, मी मामाजींकडे गेलो होतो. ते ओसरीवर एकटेच बसलेले. मी मुद्दाम विचारलं, कोणती मोटार येते म्हणता यंदा? त्यांना ते ऐकूच गेलं नाही. जरा वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता बांधीतून घरी आली असंन. पाय धुतले असंन. सासूनं तिले च्या देल्ला असंन, म्हणलं असंन, बस बाई, थकली तू."

"पत्र आलं का शकूचं?"

"नाई. अंदाज आहे."

त्यांचा एकही अंदाज खरा ठरलेला मी आजवर पाहिला नव्हता. हा एवढा तरी खरा असावा, असं मला त्या संध्याकाळी फार फार वाटलं.