तीन वेळा फोन केला

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. केदारखेड्याला घरी गेले की मी जेवतानाही दोनदा उठते, एकदा मीठ आणायला आणि एकदा मीठ परत ठेवायला. अशा बाईनं आठ तास कानाला फोन लावून खुर्चीत बसायची नोकरी धरली. जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या हेल्प डेस्कवर मी आहे. मुख्य दवाखाना जालन्यात, शाखा तालुक्यांच्या गावी. कुठल्याही डॉक्टरचं, सिस्टरचं काम कॉम्प्युटरपाशी अडलं की तक्रार आमच्या खोलीत येते.

उघडी तक्रार मला बघवत नाही. समोरच्या पडद्यावर लाल ओळ दिसली की ती हिरवी होईपर्यंत चहा गोड लागत नाही. आमचा तेव्हाचा नियम सोपा होता. तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावायचा. तीन वेळा उचलला नाही, तर ‘संपर्क झाला नाही’ असं लिहून तक्रार बंद करायची. माझी यादी सगळ्यांच्या आधी हिरवी व्हायची. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चिडवायचा, की तू दुरुस्त करतेस का नुसती झाडून काढतेस. मी हसायचे. साहेब महिन्याच्या बैठकीत माझं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अंबडच्या शाखेत एका वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या, याच नोकरीत केस पिकलेल्या. त्यांची तक्रार आली. वॉर्डात तीन नवीन सिस्टर आल्या आहेत, त्यांना स्वतःचे पासवर्ड हवेत. कागदपत्रं पूर्ण होती, फक्त इनचार्जचा फोनवर होकार लागायचा. मी सकाळी दहाला फोन लावला, सव्वादहाला लावला, साडेदहाला लावला. उचलला नाही, म्हणून बंद. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली, मी पुन्हा तीन फोन केले आणि पुन्हा बंद केली. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मी वैतागून म्हटलं, या बाईंना तक्रार लिहायची हौस आहे, फोन उचलायची नाही. सहकारी हसला आणि आम्ही डबे उघडले.

मग एका दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. त्या वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटला इन्सुलिनचं इंजेक्शन एकाच सकाळी दोनदा दिलं गेलं होतं. त्या म्हाताऱ्या बाबांना दरदरून घाम फुटला, शुद्ध गेली. ग्लुकोज लावल्यावर दुपारपर्यंत उठून बसले, नशीब. पण चौकशी लागली. नोंद इनचार्ज सिस्टरांच्या नावावर होती, आणि त्यांच्या पासवर्डवरून काय काय काम झालं याचा अहवाल आमच्याकडून हवा होता.

मी अहवाल काढला. एकच बाई दहा मिनिटांत दोन ड्रेसिंग, तीन सलाइन, चार पेशंटांचं बीपी आणि एक डिस्चार्ज उरकत होती. ते बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिघींना पासवर्ड मिळाले नव्हते, म्हणून अख्खा वॉर्ड एकट्या सिस्टरांच्या नावावर चालला होता. साहेब म्हणाले, एवढाच अहवाल पाठव. मी विचारलं, आणि त्यांच्या पाच तक्रारी? ते म्हणाले, त्या कुणी मागितलेल्या नाहीत. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वर कुणाला तरी पडदा हिरवाच दाखवायचा असतो.

त्या दिवशी मी खुर्चीत टेकले नाही. जिना उतरले, चढले, पाण्याची बाटली तीनदा भरली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि अंबडची एसटी धरली. तिथं जाऊन काय करणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. स्टँडवरून दवाखान्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले.

वॉर्डाच्या दारात पोहोचले तेव्हा दहा वाजत होते. डॉक्टरांचा राउंड चालू होता. सिस्टरांच्या हातात ग्लोव्हज होते आणि त्या एका बाईच्या पायाची पट्टी सोडवत होत्या. सगळ्यांच्या पर्स भिंतीतल्या कपाटात, कपाटाला कुलूप. आत कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. कुणी मान वळवून पाहिलं नाही. टेबलावर वॉर्डाचा साधा फोन होता, आणि त्याचा नंबर लिहायला आमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

तिघींपैकी एकीनं मला त्या सकाळचं सांगितलं. एक पासवर्ड एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतो. तिनं बाबांना इंजेक्शन दिलं तेव्हा सिस्टरांच्या नावानं दुसरी कुणी काम करत होती. नंतर नोंद करू म्हणून तिनं हाताच्या पाठीवर पेनानं लिहून ठेवलं. तेवढ्यात तिसरीनं पडदा पाहिला. इंजेक्शनची नोंद नाही, म्हणजे दिलेलं नाही, असं समजून तिनं दिलं.

राउंड संपल्यावर मी सिस्टरांना सांगितलं, की तुमच्या तक्रारी बंद करणारी मीच.

“तुमचा फोन यायचा तवा माझे हात कोणाच्या तरी जखमेत असायचे, ताई,” त्या म्हणाल्या. “पाळी संपल्यावर मी लावायचे, तर तुमच्याकडं एक दाबा, दोन दाबा. मंग मी पुन्हा तक्रार लिहायचे. दोन महिन्यांपासून लिहून राह्यले. पेशंट काही थांबत न्हाई.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चौकशी त्याच आठवड्यात अंबडलाच झाली. आपला पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध होतं, सिस्टरांनी तो दिला होता, आणि त्या ते नाकारत नव्हत्या. वॉर्ड त्यांच्या हातून जाणार हे उघड होतं, नोकरीही जाईल असं लोक बोलत होते. चौकशी समितीपुढं स्वतः जायचं ठरवून मी साहेबांना सांगितलं आणि पाचही तक्रारींचे कागद बरोबर घेतले. ते म्हणाले, नीट विचार कर. मी म्हटलं, बसून विचार करणं मला कधी जमलंय.

“या पाचही तक्रारी मी बंद केल्या,” मी समितीपुढं म्हणाले. “त्यातल्या एकीचंही काम झालं नव्हतं.”

एका डॉक्टरांनी विचारलं, मग बंद का केल्या? मी म्हटलं, तीन वेळा फोन केला होता. बोलून गेल्यावर मला त्या वाक्याची इतकी लाज वाटली की पुढचा प्रश्न मी ऐकलाच नाही.

सिस्टरांची नोकरी वाचली, वॉर्ड गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी केसपेपरच्या खिडकीवर बसायचं ठरलं. मला लेखी समज मिळाली. पुढं नियमही बदलले. आता तक्रार करणारा ‘झालं’ म्हणेपर्यंत ती बंद होत नाही, आधी आम्ही वॉर्डाच्या फोनवर विचारतो की तुम्हाला वेळ कधी आहे, आणि दर मंगळवारी मी स्वतः अंबडला जाऊन वॉर्डात उभी राहते. हे मी सुधारलं असं लोक म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालं नव्हतं. निर्णय ऐकून सिस्टर बाहेर आल्या, तेव्हा मी त्यांना गाठलं. माफीचं वाक्य मी एसटीत दहा वेळा जुळवलं होतं. दोन शब्द बोलले असेन, त्यांनी हातानं थांबवलं.

“माझं झालं ते झालं. त्या पोरींचे पासवर्ड कधी देता?”

मी विसरले होते. कागद गोळा केले, रजा टाकली, समितीपुढं खरं बोलून मनातल्या मनात थोडी मोठीही झाले, आणि त्या तिघींना पासवर्ड द्यायचे अजून राहिलेच होते. सकाळीसुद्धा त्या तिघी सिस्टरांच्याच नावावर काम करत होत्या.

आम्ही वॉर्डात गेलो. मी कॉम्प्युटरसमोर बसले, सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या आणि एकेकीच्या नावाला हो म्हणाल्या. तिघींना मिळून अकरा मिनिटं लागली.