पॅनेल जळालं त्या दिवशीचा प्रयोग

मरोळच्या एका ऑफिस इमारतीत मी मेन्टेनन्स सुपरवायझर होतो. पंप, लिफ्ट, एसी, संडासांची सफाई, गळणारे नळ, सगळं माझ्याकडे. सुरळीत चाललं तर माझी कुणाला आठवण येत नसे. मोटारीचा आवाज जरा वेगळा आला तरी माझे कान टवकारायचे, आणि ते संध्याकाळी तालमीतही तिकडेच लागलेले असायचे.

आमच्या हौशी ग्रुपच्या तालमी घाटकोपरला म्युनिसिपालिटीच्या शाळेत चालत. नाटकात मी, तिशीतला माणूस, परागंदा मुलाची वाट बघणारा म्हातारा बाप होतो. दिग्दर्शिका त्याच शाळेत शिकवायची. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ.

"तू वाट बघत नाहीयेस," ती म्हणायची. "तू नुसता थांबलायस. बस येईपर्यंत थांबतात ना, तसा."

मला फरक कळत होता, करता येत नव्हता.

स्पर्धेचा प्रयोग मुलुंडला होता. त्याच दिवशी दुपारी आमच्या इमारतीचं मुख्य इलेक्ट्रिक पॅनेल जळालं. जिन्यापर्यंत धूर, लिफ्ट बंद, माणसं फायलींनी वारा घेत खाली उतरत होती. मी कॉन्ट्रॅक्टरची माणसं बोलावली, जळकी केबल कापून काढली, नवी टाकायला घेतली. काम संपायला संध्याकाळ होणार हे उघड होतं. साहेबांना प्रयोगाचं सांगितलं.

त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं. "जा," म्हणाले. "पण लाईट आली नाही, तर उद्या उत्तर तुम्ही द्यायचं."

पवईवरून जाणारी बस पकडली. नाट्यगृहात पोचलो तेव्हा मेकअपवाला माझ्या नावाने शंख करत होता. नखांतली काजळी निघेना. शेवटी त्याने तसंच राहू दिलं.

पहिला अंक कसा झाला मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की विंगेच्या मागे मॅनेजरच्या खोलीत एक फोन होता आणि माझा एक कान सतत तिकडे होता. निघताना तो नंबर मी आमच्या वॉचमनला देऊन आलो होतो. स्टेजवर सून झालेली मुलगी पुढ्यात ताट ठेवून बोलत होती, आणि मी घास हातात धरून फोनचा कानोसा घेत होतो. मध्यंतरात मीच फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. तिसरी घंटा झाली.

पडदा पडल्यावर धोतर सावरत धावत जाऊन पुन्हा फिरवला. वॉचमन शांतपणे म्हणाला, "लाईट तो कबकी आ गई, साब. आप किधर हो?"

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट राग आला. इतका जीव टांगून ठेवला, आणि तिकडे कुणाला माझी गरजच पडली नव्हती.

बाहेर दिग्दर्शिका उभी होती. डोळे ओले. "आज बघितलीस वाट," म्हणाली.

"मुलाची नाही गं," मी म्हटलं, "पॅनेलची."

ती हसायला लागली. पण अभिनयाचं बक्षीस मिळालं, आणि मी आणखीच अस्वस्थ झालो. कारण पुढचा प्रयोग बोरिवलीत होता, त्या दिवशी ऑफिसात सगळं ठाकठीक होतं, आणि प्रयोग साफ पडला. "आज मरोळला लाईट आहे वाटतं," ती एवढंच बोलली.

त्यानंतर घरी गेलो की मी वडिलांकडे बघत बसायचो. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते. खालून सायकलची घंटा वाजली की त्यांची मान वळायची. कुणी बोलावणं घेऊन येईल असं त्यांना अजून वाटत होतं. ते मान वळवणं मी उचललं. चोरल्यासारखं वाटलं, तरी उचललं.

पुढे एका रविवारी दुपारी दहिसरला प्रयोग लागला तेव्हा त्यांना घेऊन गेलो. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. परतताना बसस्टॉपवर मी विचारलं, "कसं वाटलं?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं त्यांनी. मग आपल्या मालवणीत म्हणाले, "तो म्हातारो नुसतो बसान कित्याक रवता? मी निदान पाणी तरी भरतंय."

म्हातारा नुसता बसून कशाला राहतो, हा त्यांचा प्रश्न मी दुसऱ्याच दिवशी तालमीत सांगितला. दिग्दर्शिकेने कोपऱ्यातली बादली उचलून माझ्या हातात दिली.