काटे मी काढत होतो

पक्षाघातात आईचं बोलणं वाचलं, उजवा हात गेला. भांडुपच्या घरी आणल्यावर मी तिला भरवू लागलो. शेजारच्या काकू मला श्रावणबाळ म्हणायच्या आणि मला ते आवडायचं. खरं कारण वेगळं होतं. एक घास तोंडाशी न्यायला तिला लागणारा वेळ मला बघवत नसे, शिवाय ऑफिस गाठायचं असे.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एकदा ते पाहिलं. "काका, हे बंद करा," ती म्हणाली. हात चालवणाऱ्या काही पेशी मेंदूत मेल्या होत्या, पण आजूबाजूच्या जिवंत होत्या. एकमेकींशी नव्या जोडण्या करून आता त्यांना ते काम उचलायचं होतं. "आजी स्वतः प्रयत्न करतात तेव्हाच त्या पेशी एकत्र कामाला लागतात. पुन्हा पुन्हा लागल्या की जोडणी पक्की होते. तुम्ही भरवलंत तर त्यांना कामच नाही." उजव्या हाताची बोटं थोडी हलत होती. जेवताना तोच वापरावा लागावा म्हणून डाव्या हाताला जाड मोजा बांधायला तिने सांगितलं.

आईच्या चांगल्या हाताला मोज्याची नाडी बांधताना माझी मान वर होईना.

"चोरासारखी बांधलंस माका," ती म्हणाली. "आता पोलिसांकय बोलव."

भात ती चिमटीत धरू लागली. माशाची मात्र मला भीती वाटे. स्वयंपाकघरातच काटे काढून, तुकडी पुन्हा नीट जुळवून मी ताटात ठेवत असे. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.

एका रविवारी आईने बांगडा चाचपला. "ह्येचे काटे खय गेले?"

"बारीक होते. काढले."

"तुका काटे काढूक मीच शिकवलंय ना रे?" तिने ताट सरकवलं. "दुसरी तुकडी घाल."

घातली. अंगठा आणि बोट जुळेपर्यंत मासा चुरगळला, अर्धा खाली सांडला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे घे. तू जेव."

तिच्या डोक्यात त्या वेळी काय जुळत होतं ते मला दिसत नव्हतं. ताटाच्या कडेला तिने ठेवलेला एक काटा दिसला. मग ती दुसऱ्याच्या मागे लागली. घास तोंडात जाण्याआधी तो तपासायचा, एवढं तरी काम मी स्वतःकडे ठेवायचं म्हणत होतो. तेही तिने मला करू दिलं नाही.